बिजागरीची पसंती

सृष्टीनं स्कूटी अंगणातून बाहेर काढली आणि म्हणाली, "बाबा, आज मला दुपारपर्यंत फोन करू नका. संभाजीनगरहून कंपनीची माणसं यायलेत."

विष्णुपंत गुरुजींनी ओठांवर आलेलं वाक्य गिळलं. त्यांच्याकडंही आज संभाजीनगरहूनच माणसं यायची होती. फक्त त्यांची माणसं वेगळी होती.

सृष्टी परभणीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करत होती. विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीशी कॉलेजचा करार व्हायचा होता. त्यासाठी तिनं विमानाच्या दाराची एक हलकी बिजागरी तयार केली होती आणि ती तपासायला आज कंपनीचे साहेब येणार होते. गुरुजींना त्यातलं एवढंच कळायचं, की वर्षभर पोरगी वेळेवर जेवायला येत नाही. म्हणून बोरीच्या भागवतमामांकरवी त्यांनी एक स्थळ परस्पर बोलावलं होतं. पाहुण्यांनी पोहे खाल्ले की पोरीला बोलावून घेऊ, चार माणसांसमोर ती काय भांडणार, असा त्यांचा बेत.

"तुमी तिला विचारायला पायजे होतं," कांदा चिरता चिरता विमलाबाई म्हणाल्या.

"विचारलं आसतं तर न्हाई म्हणली आसती."

शेजारच्या चंद्रभानला त्यांनी रिक्षा घेऊन स्टेशनवर पिटाळलं. "सृष्टीकडं आलेत का, एवढं विचार आन् घेऊन ये." चंद्रभाननं तंतोतंत तेच केलं. गाडीतून उतरलेल्या दोघांना त्यानं विचारलं, "सृष्टीताईकडं?" ते म्हणाले, "हो हो, त्यांच्याकडेच!" आणि रिक्षात बसले.

ते होते कंपनीचे कर्णिकसाहेब आणि त्यांचा तरुण सहकारी मिहीर. दारात चंद्रभान म्हणाला, "हे आमचे गुरुजी." कर्णिकसाहेबांना वाटलं, हेच सृष्टी मॅडमचे मार्गदर्शक, पाहुण्यांना आधी घरी नेण्याची इकडं रीत असावी. गुरुजींना फोटोतल्या पोराला मिशी होती असं अंधुक आठवलं. पण हल्लीची पोरं मिशी ठेवतात काय, काढतात काय! शिवाय मिहीर दिसायला नीटस होता.

पोहे आले. कर्णिकसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"सर, स्पष्ट बोलतो. याआधी आम्ही तीन ठिकाणी पाहिल्या. दिसायला चकचकीत, पण जरा भार पडला की वाकायच्या."

गुरुजींना हे बोलणं जरा उघडंवाघडं वाटलं, पण पटलंही. "आमची वाकणारी न्हाई. लय भार पडलाय तिच्यावर. मी डोळ्यांनी बघितलाय."

"तापल्यावर कशी वागते?"

"तापती लवकर, खोटं कशाला सांगू? पण निवती बी लवकर."

"आणि वजन?"

स्वयंपाकघरात उलथनं आपटल्याचा आवाज झाला. "बेताचंच हाय," गुरुजी हळूच म्हणाले.

"उत्तम. वजनाला आम्ही फार जपतो. आणखी एक, एकदा बसवली की वीस वर्षं तिनं आवाज करता कामा नये."

गुरुजींनी बशी खाली ठेवली. पोरीचं लग्न जमावं म्हणून त्यांनी आतापर्यंत पुष्कळ ऐकून घेतलं होतं. पण हे त्यांना गिळवेना.

"आवाज करणार, साहेब. चुकीचं दिसलं की ती बोलणार. मी बाप आसून मला सोडत न्हाई, तर तुमाला काय सोडती!"

'बाप' हा शब्द कर्णिकसाहेबांना फार आवडला. आपल्या संशोधनावर एवढी माया करणारा प्राध्यापक त्यांनी पाहिला नव्हता. ते समजुतीनं म्हणाले, "ठीक आहे, आवाजाचं बघू. थोडं तेल देऊ."

"डोक्याला?"

"जिथं लागेल तिथं. कुठं तडा, चीर?"

"हनुवटीवर एक व्रण हाय. बोरीला आत्याच्या माळवदावरून पडली होती." गुरुजींनी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवून दाखवलं. "टाके घालताना रडली न्हाई. मलाच म्हणली, बाबा, तुमी बाहीर बसा."

मिहीरनं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मात्र मान हलवून निर्णय देऊन टाकला. "मग असं करू. एक आम्ही आजच घेऊन जातो. मोडेपर्यंत ताण देऊन बघतो. मोडलीच, तर तुम्ही दुसरी द्या."

"मोडेपर्यंत?" गुरुजी ताडकन उठले. "उठा! एकुलती एक पोरगी हाय माझी!"

विमलाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी दोघांच्या हातांतल्या पोह्याच्या बशा काढून घेतल्या. कर्णिकसाहेबांचा चमचा हवेतच राहिला.

"पोरगी?" ते म्हणाले. "मी बिजागरीबद्दल बोलतोय!"

तेवढ्यात गुरुजींचा फोन वाजला. सृष्टी दबक्या आवाजात बोलत होती. "बाबा, कंपनीच्या बाई मला विचारायलेत, नवऱ्याशी भांडण झालं तर आधी मी बोलीन का गप बसीन. विमानवाले असं विचारत्यात का हो?"

कॉलेजच्या ड्रायव्हरनंही स्टेशनवर तेच विचारलं होतं, "सृष्टी मॅडमकडं?" आणि खऱ्या स्थळाकडच्या, पोराच्या आई सरजाबाई, पोरासकट गाडीत बसल्या होत्या.

विमलाबाईंनी पोह्याच्या बशा परत दिल्या. ते संपल्यावर चौघं चंद्रभानच्या रिक्षात दाटीवाटीनं बसून कॉलेजात पोचले. प्रयोगशाळेत सरजाबाई प्रयोगशाळेतला जाड काचेचा चष्मा लावून यंत्रासमोर बसल्या होत्या. यंत्र बिजागरीला ताणत होतं आणि त्या खुर्चीच्या पार कडेला सरकल्या होत्या. बिजागरी काही मोडेना. शेवटी सृष्टीनं यंत्र बंद केलं, तेव्हा सरजाबाईंनीच टाळ्या वाजवल्या.

कर्णिकसाहेबांनी आकडे पाहिले, दोनदा पाहिले, आणि करार दोन वर्षांचा करू म्हणाले. मग सृष्टीला म्हणाले, "मॅडम, तुमच्या वडिलांनी तुमची इतकी खरी माहिती दिली, की मी बिजागरी न बघताच पसंत केली असती."

सृष्टी वडिलांकडं वळली. सगळं तिच्या ध्यानात आलं होतं. तिचा चेहरा आधी तापला. "मला विचारलंसुद्धा न्हाई तुम्ही."

"चुकलं माझं," गुरुजी म्हणाले. पंचवीस वर्षं मास्तरकी करून हा शब्द त्यांच्या तोंडी क्वचितच आला होता. सृष्टीनं त्यांच्या सदऱ्यावर सांडलेले पोहे झटकले.

इतका वेळ कोपऱ्यात उभा असलेला पियुष, म्हणजे सरजाबाईंचा मुलगा, पहिल्यांदाच बोलला. "एवढं करून मोडली आसती, तर तुम्हाला वाईट वाटलं आसतं का?"

"वाटतंच की," सृष्टी हसली. "पण का मोडली, ते बघण्यात रात कशी जाती कळत न्हाई."

सरजाबाईंनी चष्मा काढला. "गुरुजी, पोरगी मला पसंत हाय. पण आज बघायचं काम आमीच केलं. आता तुमी आमचं पोरगं ठिवून घ्या, ताणा, वाकवा, काय तपासायचं ते तपासा. मग सांगा."

सगळे हसले. पियुषचे कान लाल झाले. सृष्टीनं त्याच्याकडं क्षणभर नीट पाहिलं. "सोमवारी नवी बिजागरी लावायची हाय. यायचं तर सकाळी नऊला या. उशीर झालेला मला चालत न्हाई."

"येतो," पियुष म्हणाला.

परतताना विमलाबाई रिक्षात खुशीत होत्या. गुरुजी मात्र सोमवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजत होते. वर्षभर ते पोरीसाठी स्थळ शोधत हिंडले होते; आणि आता हे पोरगं सोमवारी खरंच वेळेवर आलं तर पोरगी घर सोडून जाईल, म्हणून त्यानं जरा उशीरच करावा असं त्यांना वाटायला लागलं होतं.