आमसुलाने घासलेला प्लाझ्मा

सकाळी अकरा वाजता रत्नागिरीतल्या एका कॉलेजचा प्लाझ्मा गार पडला. निदान पडद्यावर तरी!

प्रा. उमैमा यांनी नुकतंच छाती ठोकून सांगितलं होतं, "सर, प्लाझ्मा ताटलीवर किती ऊर्जा ओततो, ते माझा इन्फ्रारेड सेन्सर लांबूनच सांगतो. चूक निघाली तर प्रयोगशाळेला तुम्ही कुलूप घाला!" मुंबईहून आलेल्या समितीचे अध्यक्ष त्यासाठीच तर आले होते. प्रकल्पाला मुदतवाढ की कुलूप, आजच ठरायचं होतं.

काचेच्या नळीतल्या वायूत वीज सोडली आणि जांभळा प्लाझ्मा पेटला. नळीच्या तोंडावर झाकणासारखी बसवलेली तांब्याची ताटली आतून तापू लागली. बाहेरून सेन्सर तिच्या पाठीकडे टक लावून बसला. पडद्यावर आकडा पंचवीस अंश. बराच वेळ गेला, तरी पंचवीसच! खोलीतला एसीही पंचवीसवरच होता.

"हा प्लाझ्मा आहे की पन्हं?" म्हणत अध्यक्ष पुढे वाकले. आकडा टुणकन तेहतीसवर! मागे सरले, पंचवीस. पुन्हा वाकले, तेहतीस.

"मॅडम, हा तर मला मोजतोय!"

उमैमांनी ताटली पाहिली. काल काजळी धरून कोळशासारखी केलेली पाठ आज लखलखत होती. अध्यक्षांचं नाक त्यात केसांसकट दिसत होतं.

"चिमामावशी!"

प्रयोगशाळेच्या शिपाई चिमामावशी दारातूनच हसल्या. "आमसुलानं घासलीय! पावण्यांपुढं असली काळीकुट्ट ताटली? माणसं काय म्हणतील, ओ!"

"अहो, काळी होती म्हणून तर सेन्सरला तिची उष्णता दिसायची! आता तिचा आरसा झालाय. समोर येईल त्याची ऊब दाखवतेय!"

"मग पावण्यांनाच उभं करा की समोर. तेहतीस काय कमी हाय?"

या दोघींच्या बोलण्याकडे अध्यक्षांचं लक्षच नव्हतं. ते सरळ उभे राहिले. पडद्यावर पंचवीस. विज्ञानाचा माणूस! आकड्यावर विश्वास ठेवून त्यांनी उजवा तळहात ताटलीवर टेकवला.

"सर, नको! ती..."

"आई गं!" मांडवीच्या किनाऱ्यावरच्या लोकांनीही मान वळवली असेल.

"पण सर," उमैमांच्या तोंडून निसटलं, "प्लाझ्मा तापलाय, हे आता पटलं ना?"

शेवटची खबर अशी : अध्यक्षांचा उजवा हात कॅन्टीनच्या बादलीत आहे. त्यांनी मुदतवाढीचा कागद मागवला, डाव्या हातात पेन धरलं आणि त्यावर काहीतरी लिहिलंही. मंजूर की नामंजूर, ते अक्षर अजून कुणालाच लागलेलं नाही. विचारायला कोण जाणार?