होडीचं तिकीट

पोस्टमास्तर म्हणून माझा हात धरणारा आमच्या बेटावर कोणी नव्हता. दुसरा पोस्टमास्तरच नव्हता, हा मुद्दा वेगळा.

प्रशांत महासागरातल्या आमच्या गिल्बर्ट बेटांच्या तिकिटांचा इतिहास थोडक्यात असा. सरकारनं आधी फिजीच्या तिकिटांवर आमचं नाव छापून आमची बोळवण केली. मग केवड्याचं झाड आलं. मग इंग्लंडच्या राजाचं तोंड आलं, ते बरीच वर्षं हललंच नाही. अखेर एकदाची आमची होडी आली, शीड फुगवून. राजा होताच, पण कोपऱ्यात.

तिकिटांसोबत विलायतेतल्या शौकिनांची रिकामी पाकिटंही आली: पहिल्याच दिवशी तिकीट लावून, शिक्का मारून परत पाठवा. दुसऱ्या दिवशी पोस्टखात्याचे विल्मॉट साहेब बोटीनं ती न्यायला येणार होते. घोटाळा झाला तर माझी नोकरी जाईल, हे त्यांनी प्रेमानं आधीच कळवलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी पोस्टाचं दार उघडलं तर समोर माझी आत्या, नेई तीमा.

"तेकौतू, ही तर आपली होडी."

"आत्या, ती चित्रातली आहे."

"तुझ्या आजोबांची आहे. शिडाचं ठिगळ ओळखते मी. बुबुती, एक दे."

झालं! नातलगानं बुबुती म्हणून काही मागितलं, की आमच्यात नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं, तर नातवंडांनासुद्धा तोंड लपवून फिरावं लागतं. दिलं.

आत्या ते कपाळावर चिकटवून चर्चला गेली. मग काय! प्रत्येकाला तिकिटात आपापल्या घरची होडी दिसू लागली. बेटावर माझा नातलग नसलेला एकच जीव, मिशनची मांजर. दुपारी तिच्यापुरतंही तिकीट उरलं नाही. कपाळं संपल्यावर लोकांनी ती होड्यांच्या नाकांवर चिकटवली होती.

विलायतेची पाकिटं मात्र कोरीच. मग सुचलं, बुबुती तर मलाही करता येते! घरोघर फिरलो. नाही कोणीच म्हटलं नाही. पण तिकीट सोलून देता देता चुलतभाऊ बाउरो म्हणाला, "दादा, सायकल झकास आहे हं तुझी. बुबुती."

संध्याकाळपर्यंत तिकिटं आली. सायकल, कोंबड्या आणि अंगातला सदरा गेला. डिंक गावाच्या कपाळावरच राहिला होता, म्हणून मी निरफणसाचा चीक वापरला.

साहेब आले तेव्हा एकही पाकीट कमी नव्हतं. फक्त चिकानं सगळी मिळून एकच वीट झाली होती. साहेबांनी ती उलटसुलट पाहिली. रागावले नाहीत. बोटीवर आमच्याच बेटांचा एक कारकून होता, त्याच्याशी कुजबुजले, मग चटईवर बसून त्यांनी माझा हात हातात घेतला.

"तेकौतू, मी तुझा भाऊच ना?"

माझा ऊर भरून आला. "म्हणजे काय साहेब, अगदी सख्खा."

"मग बुबुती. राजीनामा दे."

भावाला नाही कसं म्हणणार? कागद घेतला. पेन कुठल्याशा मावसभावाकडे गेलं होतं.

"दादा, बुबुती," मी म्हणालो, "तुमचं पेन द्या."

"ते नाही देता येणार," साहेब म्हणाले. "सरकारी मालमत्ता आहे."

शेवटी राजीनामाही त्यांनीच लिहिला. त्या बोटीनं आमच्या पोस्टातून सुटा असा तेवढा एकच कागद गेला.