तात्या आणि चाकातली नळी

प्रिय ईशा आणि निखिल,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही पाहिलंत ना? शेजारचे तात्या आपल्या दारात आले आणि मला नमस्कार करायच्या आधी माझ्या स्कूटरच्या चाकापाशी उकिडवे बसले. तुम्ही दोघं पोट धरून हसलात. रस्ता रुंद होतोय म्हणून दहिवलीच्या वाटेवरचं त्यांचं पंक्चरचं दुकान गेल्या महिन्यात हटलं. तुम्ही याल तेव्हा तात्या तिथे दिसणार नाहीत, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

तात्या माणसाआधी चाक बघतात, आणि चाकात आधी ‘वाल’, म्हणजे टायरमध्ये हवा भरायची ती लहानशी नळी. ‘टायर हत्तीवानी आसंना, जीव त्या बोटाएवढ्या नळीत हाय,’ असं त्यांचं म्हणणं. गाडी उभी करताना नळी चाकाच्या वरच्या अंगाला यायला हवी. खाली आली की चिखलात बुडते, हात पोचत नाही, मग माणूस हवा बघायचाच कंटाळा करतो. भिसेगावातल्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाची सजवलेली गाडी याच कारणासाठी वीतभर पुढे घ्यायला लावली. वरमाय चिडली. तात्या शांतपणे म्हणाले, ‘नवरी थांबंल, हवा थांबत नाय.’ नवरीकडचे त्यांच्याशी वर्षभर बोलत नव्हते. का, ते तात्यांना अजून कळलेलं नाही.

आपली मागची भिंत पाडली, तेव्हा राडारोडा उचलायला एक छोटा लोडर आला. चालवायला कमळी, डोंगरातल्या वाडीवरची. आधी घमेली वाहायची. बघून बघून मशीन शिकली. तीन दिवसांत दोनदा हवा जाऊन चाक बसलं. मुकादम म्हणाला, ‘आता बसलं तर तू परत घमेलं उचल. मशीन दुसऱ्याला देतो.’  कमळीने किल्ली मुठीत घट्ट धरली.

आरडाओरडा ऐकून तात्या आले आणि चाकापाशी बसले.

‘पोरीचा काय दोष हाय रं? रिंगच्या खोलग्यात दगड शिरतोय नि नळी मुळातनं उपटतोय. तू चालिवलं आसतंस, तरी उपटलीच आसती.’

‘तात्या, तुम्ही वकील कधी झालात?’ मुकादमाने विचारलं.

‘आत्ताच.’

लोडर ठोकळ्यांवर चढवून तात्यांनी चारही चाकं दुकानात नेली. टायर उतरवले, प्रत्येक नळीभोवती लोखंडी पाइपाचा तुकडा कड्यासारखा वेल्ड केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपोतून चाकं परत आणली. कडी इतकी अरुंद की हवेच्या पाइपाचं तोंड आत जाईना!

‘तात्या, किल्ला बांधलात, दरवाजा विसरलात!’ मुकादम ओरडला.

मला वाटलं, आता भांडण. पण तात्याच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ‘माझंच टकुरं बसलंय गं कमळे,’ म्हणत त्यांनी चाकं पुन्हा टेंपोत चढवली. दुपारी आली ती रुंद कडी घेऊन, चिखल गळून पडायला खाली फट ठेवलेली.

पुढचे दोन दिवस कमळी विटा आणि सळ्यांच्या ढिगाऱ्यावर लोडर चालवत होती. तात्या आपल्या पायरीवर बसून. मी दिलेला चहा दोन्ही दिवस गार झाला. एकही चाक बसलं नाही. शेवटी मुकादम कमळीला म्हणाला, ‘उद्यापासनं खालापूरचं काम. मशीन तूच घेऊन ये.’

तेव्हापासून तात्या दर रविवारी हवा मोजायचं मीटर खिशात घालून खालापूरला जातात. मी एकदा कमळीला फोनवर विचारलं, ‘अगं, त्या चाकांना एवढं बघावं लागतं?’

‘नाय वो आजी. हवा मीच रोज सकाळी बघते. पन त्यांना सांगू नका हां. त्यांच्या घरातल्या काकू वारल्यापासनं येकट्याला घास उतरत नाय त्यांना. हितं आले का चार चाकं बघत्यात, मंग आमच्यात बसून दोन भाकऱ्या खात्यात.’

मी सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

दुकान गेलं. चारही कडी शाबूत आहेत, आणि मशीन कमळीच चालवते.

तुमची आजी