भगत सरांचा क्ष

भगत सर पापलेट घ्यायला गेले, तरी आधी पापलेटला क्ष म्हणतात. पनवेलच्या मासळी बाजारात कोळीण पैशांसाठी हात पुढे करते आणि हे गणिताचे निवृत्त मास्तर तिला सांगतात, "क्ष धर." तिने अजून पापलेट फेकून मारलं नाही, हे यांचं नशीब.

मी बँकेत ठेवींच्या टेबलावर बसतो, तेव्हा हा ताप माझ्या वाट्याला ठरलेला. गावच्या जमिनीचे पंधरा लाख आले, तसे सर हजर. ज्येष्ठांच्या योजनेत आठ टक्के, साध्या ठेवीत सात. शेंबडं पोरही सांगेल, सगळे आठ टक्क्यांत टाका.

"तसं नाही. आठात क्ष धरा, सातात पंधरा वजा क्ष. दोन्हींचं व्याज सारखं आलं पाहिजे."

"का?"

"समीकरण आहे."

मागे माणसं खोळंबलेली आणि यांचं पानभर समीकरण! उत्तर निघालं: आठ टक्क्यांत सात लाख, सातात आठ लाख. दोन्हीकडून वर्षाला छप्पन्न हजार. सर असे खूश, जणू अख्खा वर्ग पास झाला. म्हाताऱ्याने नुसत्या हौसेपायी वर्षाला आठ हजार पाण्यात घातले होते. यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांची मला कीव आली.

आठ लाखांच्या फॉर्मवर नाव होतं विठाबाई.

"धाकटी बहीण. अजून साठीची नाही, म्हणून सातच टक्के. त्यात तिचा काय दोष?" सर म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आमच्यात बहिणी हक्क सोडल्याचं लिहून देतात. मीही घेतलं लिहून. तेव्हापासून ती बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी सही करायला विठाबाई आल्या. फॉर्मकडे बघितलंसुद्धा नाही.

"दादूस, हक्कसोडीवर सही केली, त्या दिशी जेवून जा बोललास का? मना पैशे नको."

जन्मभर पुस्तकी बोललेले सर एकदम गावचं बोलू लागले. "चुकलंच माजं. आता घरात बोलवाला बी कोन नाय. मी खानावळीत जेवतो."

बाईंनी फॉर्म घडी करून पिशवीत घातला. "सहीचं मंग बगू. आदी घरी चल."

सर उठले. मला वाईट वाटलं, आणि माझी लाजही वाटली. दारापाशी ते थबकले.

"असा आयत्या वेळेला... पुरल का?"

"तुजा भात टाकूनच आयले," विठाबाई म्हणाल्या.