पडद्याबाहेरचे दुःख ग्राह्य धरले जाणार नाही

आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी संध्याकाळी लोकांचं मन निरोगी राहावं म्हणून चित्रपट दाखवतात आणि नंतर त्यावर चर्चा होते. हे चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत. माणसाला तोंड उघडायला लावून एक शब्दही बोलू न देण्याचा तीस वर्षांचा अनुभव या पदासाठी पुरेसा मानण्यात आला.

नियम एकच, पण पोलादी. चर्चा फक्त पडद्यावरच्या पात्रांच्या मनाची करायची. सभासदांनी आपापलं मन घरी ठेवून यायचं. त्यामुळे वातावरण फार निरोगी राहिलं. चार वर्षांत आम्ही एकशे नव्वद पात्रांना समजून घेतलं. बँकेतल्या हळवीताई तर एकदा इतक्या रडल्या, की शेजारच्या गृहस्थांना घरी जाऊन शर्ट बदलून यावं लागलं.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना घड्याळजींनी घोळ घातला.

कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारा हा साठीचा माणूस मागच्या रांगेत गप्प बसायचा. त्या शनिवारी नायकाच्या निद्रानाशावर चर्चा ऐन रंगात होती आणि हळवीताई त्याचं मूळ नायकाच्या बालपणात उकरत होत्या. तेवढ्यात घड्याळजी उभे राहिले.

"मलाही झोप येत नाही हो. सात महिने झाले. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही."

पंखासुद्धा अवघडला.

"आपण कोणत्या चित्रपटातले?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी? मी त्या कोपऱ्यावरच्या दुकानातला."

"मग नियमात बसत नाही."

पण मंडळ काही दगडाच्या काळजाचं नव्हतं. ताबडतोब उपसमिती नेमली. तीन बैठकांनंतर तिचा निष्कर्ष आला, की सदर इसम पडद्यावर नाही एवढीच अडचण आहे. सबब त्यास पडद्यावर घ्यावे. अध्यक्षांचा मेहुणा लग्नांचं शूटिंग करायचा. त्याला बोलावलं आणि एका दुपारी पडदे ओढून घड्याळजींच्या घरी निद्रानाशाचं चित्रीकरण सुरू झालं.

तिथे वेगळंच संकट उभं राहिलं. सात महिन्यांनी घरात माणसांची कुजबुज, भांड्यांचा आवाज, कुणीतरी पाणी मागतंय, कुणीतरी खुर्ची सरकवतंय. घड्याळजी पलंगावर आडवे झाले आणि दुसऱ्या मिनिटाला घोरू लागले. मेहुण्याने त्यांना गदागदा हलवलं.

"अहो काका, झोपताय काय? निद्रानाश चाललाय!"

असं त्यांना अकरा वेळा उठवलं, तेव्हा कुठे डोळे हवे तसे तांबारले.

चित्रपट लागला. सभागृह भरलं. आता नियमाची हरकत नव्हती, म्हणून घड्याळजी पहिल्या रांगेत कान टवकारून बसले. चर्चेची सुरुवात हळवीताईंनी केली. पात्राचं दुःख त्यांना पटलं नव्हतं. बायको गेलेला माणूस इतक्या कडक इस्त्रीचा शर्ट घालेलच कसा?

"तिनेच करून ठेवला होता तो," घड्याळजी म्हणाले. "शेवटचा होता. अंगात घालवत नव्हता. त्या दिवशी तुम्ही सगळे येणार म्हणून घातला."

"कलाकारांनी चर्चेत ढवळाढवळ करू नये," अध्यक्षांनी बजावलं.

घड्याळजी उठून निघून गेले. त्यांचं जाणं प्रतीकात्मक होतं की वास्तववादी, यावर आम्ही पाऊण तास बोललो.

सभागृहात खुर्च्या मांडणारी मावशी जिन्यात चर्चा संपायची वाट बघत बसली होती. तिने विचारलं, "काका, जेवलात का?" झालं. घड्याळजी तिच्या खालच्या पायरीवर बसले आणि बोलत राहिले. मग दर शनिवारी तेच. आम्ही वर पात्रं समजून घ्यायचो आणि हे दोघे खाली जिना अडवायचे.

मंडळाने मावशीला नोटीस काढली. विनापरवाना विचारपूस केल्याचे निदर्शनास आले आहे, तरी पाहिलेल्या चित्रपटांची यादी सात दिवसांत सादर करावी. मावशीने ती वाचून घेतली, घडी करून डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली घातली आणि अध्यक्षांना म्हणाली, "सरका जरा, झाडायचंय."

पुढे आमच्या चित्रपटाची एका महोत्सवात निवड झाली. आयोजकांची अट होती, की पीडित व्यक्ती मंचावर हजर हवी, आणि पीडितच हवी. शिष्टमंडळ भरदुपारी दुकानात गेलं. घड्याळजी डोळ्याला भिंग तसंच लावून, हनुवटी छातीला टेकवून गाढ झोपले होते. चेहरा लहान मुलासारखा.

"फसवलं यांनी आपल्याला," हळवीताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

निवड रद्द झाली. घड्याळजी ठणठणीत आहेत. गोष्ट एवढीच.

शेवट जरा फिका झाला, नाही? इतकं वाचून माणूस नुसता झोपतो म्हणजे काय? निदान कुणीतरी दार फोडायला हवं होतं, शेजारीपाजारी जमायला हवे होते, असं तुमच्या मनात आलं असेल. लाजू नका. वर या. आम्हाला असेच सभासद हवे असतात.