बार न काढण्याचे नियम

गोळी कशी मारावी हे कुणीही शिकवील. ती केव्हा मारू नये हे ज्याला कळतं, तोच जबाबदार शिकारी होय. या शास्त्रात पलूसच्या आसपास माझ्या तोडीचा माणूस नाही, हे मी नम्रपणे नमूद करतो. (बंदूकच एक होती.)

त्र्याहत्तर साली उसातल्या रानडुकरांनी आमच्या गावच्या मक्याचा फडशा पाडला. पंचायतीनं पीक राखायला बंदुकीचा परवाना मिळवला आणि तो माझ्या नावावर केला, कारण मी लष्करातून पेन्शनीवर आलेलो. आमच्याकडं लष्करातून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, आणि मेजर म्हटला की त्याला नेम येतोच, असं धरून चालतात. अठरा वर्षं मी कुठं होतो हे कुणी विचारलं नाही. मी ब्लँकेटांच्या कोठारात होतो. वर्षातून एकदा चांदमारीला नेत, पाच गोळ्या देत, आणि पाचही फळीला न लागता मागच्या डोंगरात जात. (डोंगर एकदाही चुकला नाही.)

हे गावाला सांगायची लाज वाटली. म्हणून मी नियम केले. जनावर आडवं उभं असावं, म्हणजे गोळी पुढच्या पायामागं काळजाला लागते आणि ते तडफडत नाही. पळत्या जनावरावर बार काढायचा नाही. पिलांच्या आईवर नाही. नुसता ऊस हलला म्हणून तर नाहीच नाही. आणि जनावरामागं मातीचा बांध असावा. वाट, वस्ती, माणूस नसावं. नियम चोख होते. कोठारातल्या एका शिकारी साहेबाच्या तोंडून ऐकलेले होते, त्यामुळं त्यात माझी काही चूक शिरली नव्हती.

"लय इचार केलाय गड्यानं," सरपंच आप्पासो म्हणाले. ग्रामसभेनं नियम एकमतानं मंजूर केले.

पहिल्या हंगामाचा अहवाल मी स्वतः लिहिला. दिसलेली डुकरं एकेचाळीस. पैकी पळती सव्वीस, तोंड माझ्याकडं असलेली सात, शेपूट माझ्याकडं असलेली सहा, पिलांसह दोन. नियमात बसलेली शून्य. जखमी होऊन पळालेलं जनावर एकही नाही, ही ओळ अधोरेखित केली. खाल्लेल्या मक्याचा रकाना अहवालात नव्हता.

तो बयाबाईला तोंडपाठ होता. तिचं अर्धा एकर रान उसाला लागून; घरातल्या पाच माणसांची भाकरी आणि म्हशीची वैरण तेवढ्यावर. दुसऱ्या वर्षी चारच सऱ्या उरल्या, तेव्हा ती माझ्या दारात येऊन बसली. "मेजर, तुमचं कायदं ऱ्हाऊ द्या. माजी प्वारं काय खात्याली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिच्याबरोबर रानात गेलो, आणि डुकरानं माझा घात केला. एक दांडगा नर मक्यातून निघाला आणि वीस पावलांवर आडवा उभा राहून निवांत कणीस खाऊ लागला. मागं बांध. पिलं नाहीत. ऊन माझ्या पाठीशी. नियमाला इतका धरून वागणारा जीव मी लष्करातही पाहिला नव्हता.

बयाबाई कुजबुजली, "आडवं हाय. मागं बांध हाय. आता काय ऱ्हायलं?"

मी आणखी एखादा नियम सुचतो का ते बघत होतो. सुचला नाही. बंदूक खांद्याला लावली, चापावर बोट ठेवलं. तेवढ्यात बांधापलीकडं गावातलीच धोंडुबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभी राहिली, नेमकी डुकराच्या मागं. बार निघाला नाही. डुक्कर उसात गेलं आणि धोंडुबाई, काय टळलं याचा पत्ता नसलेली, घरी गेली.

अर्ध्या तासात गावभर झालं. मेजरनं हातातली शिकार सोडली, पण माणूस वाचवलं. ग्रामसभेत मला फेटा बांधला. नियमांच्या प्रती शेजारच्या सात गावांना गेल्या. उंब्रजहून एक जण मुद्दाम उतरवून घ्यायला आला. धोंडुबाई माझ्या पाया पडली, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नारळ द्यायला बयाबाईला पुढं केलं होतं. तिच्या उरलेल्या चार सऱ्याही त्या आठवड्यात गेल्या होत्या. नारळ हातात ठेवता ठेवता ती हळूच म्हणाली, "मका गेला त्यो गेला. धोंडू वाचली, ब्येस झालं. पर मी शेजारीच हुते, मेजर. तुमी डोळं मिटलं हुतं."

मी फेटा सारखा केला. टाळ्या चालूच होत्या.

आता आपल्याविषयी. मी धोंडुबाईला पाहिलं, असं वर कुठंही लिहिलेलं नाही. हवं तर पुन्हा वाचून खात्री करून घ्यावी. तरीही मघाशी आपण मनातल्या मनात मला शाबासकी दिलीत. म्हणून आपलं नाव सत्कार समितीत घातलं आहे. समितीच्या सदस्यांनी पुढच्या हंगामात आळीपाळीनं बयाबाईचं रान राखावं, असा ठराव मी मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला. बंदूक माझ्याकडून घेऊन जावी. नियम आपल्याला पटलेलेच आहेत.