शेपटीचा इलाज

मार्चमध्ये ताई गेली. तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी भाऊजी गच्चीवर गेले आणि हेलिकॉप्टरची शेपटी तपासू लागले.

खाली बसलेल्या पाहुण्यांना ते रुचले नाही. मला नवल वाटले नाही. मी भाऊजींचा साळा आहे.

भाऊजी बाभुळगावचे होमिओपॅथ. दवाखाना बंद केल्यावर त्यांनी रिमोटवर उडणारे, हातभर लांब हेलिकॉप्टर आणले आणि पहिल्या दिवसापासून त्याला पेशंट मानले. हवेत गेले की त्याची शेपटी डावीउजवीकडे हलायची, नको नको म्हणणाऱ्या मानेसारखी. भाऊजी ते उतरवून समोर बसत. "सकाळी जास्त होते का संध्याकाळी? ऊन सहन होते?" उत्तरेही तेच देत. एका वेळी एकच इलाज, मग आठवडाभर वाट. शिलाई मशीनचे तेल मात्र रोज.

शेपटी जागेवर राहावी म्हणून आत जायरो नावाची डबी असते. ती फार संवेदनशील ठेवली तरी शेपटी हलते. "साळेबुवा, मात्रा जितकी कमी, तितका गुण जास्त," म्हणत भाऊजींनी ती शून्यावर आणली. हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखे फिरले आणि शेजारणीच्या कुरड्यांवर जाऊन बसले.

"रोग उफाळून आला," भाऊजी खुशीत म्हणाले. "आता गुण येते."

"अवो गोळीवाले," ताई म्हणाली, "त्या कुरड्या आता कोन खाईन?"

साऱ्या गावाने त्यांना डॉक्टर म्हटले, ताईने कधी नाही. "एक डाव मायासमोर ते हवेत गुमान उभं करून दाखवा," ती म्हणायची, "मंग म्हणीन डाक्टर." भाऊजींना जगात दुसरी पदवी नको होती.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर त्यांनी मला शेपटी धरायला लावली. "आज पुरी खोलतो." शेपटीच्या पंख्याची पाती वळवणारी एक कडी दांड्यावर सहज सरकायला हवी. ती अडखळत होती. तेलात कापसाचे तंतू गुंतून घट्ट बसले होते.

गच्चीच्या दारात बसून ताई वाती वळायची. भाऊजी उडवायचे तेव्हाच.

"हे होतं दुखणं," मी चिमटा पुढे केला. "काढा. आत्ता नीट होईल."

भाऊजींनी चिमटा हातात घेतला. कापसाकडे पाहत राहिले.

"देवाले एवढ्या वाती लागतात काहो?" त्यांनी विचारले.

मी शेपटी उजेडाकडे धरली.

"मले वाटे, तुमची ताई पाह्यतच नाही." त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि स्क्रू आवळायला घेतले.

"अवो, काहून?"

"राहू द्या. पेशंटले त्याचा काही त्रास नाही."

भाऊजी अजून रोज उडवतात. तेल घालणे तेवढे त्यांनी बंद केले. कापूस आत आहे. शेपटी हलते.